सोळाशे फोटोंमधला एक सूर्यपक्षी

वाचकाचा प्रश्न

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातून ५८ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. निवृत्तीनंतर मुलीने त्यांना कॅमेरा आणि लांबचं जवळ आणणारी १५०-६०० एमएमची लेन्स घेऊन दिली. तेव्हापासून त्या दर रविवारी पक्षीमित्रांच्या ग्रुपबरोबर टेकडीवर जातात. मार्चमध्ये पळस फुलला असताना दोन रविवार मिळून त्यांनी जांभळ्या सूर्यपक्ष्याचे १,६४० फोटो काढले. आता ग्रुपचं प्रदर्शन आहे, प्रत्येकाने एकच फोटो द्यायचा आहे, १२ बाय १८ इंचांचा. त्यांनी तीन फोटो बाजूला काढलेत. पहिल्यात नर एका बाजूने, स्वस्थ बसलेला, अगदी शार्प, मागे वाळल्या डोंगराचा एकसारखा भुरा रंग. दुसऱ्यात तो चोच उघडून गातोय, पंख जरासे उचललेले, बगलेत काहीतरी नारिंगी दिसतंय. पण शेपटी धूसर आहे आणि पोटापुढून एक काडी आडवी गेली आहे. तिसरा शेजारच्या पोर्चमधल्या घरट्याचा, पिल्लांना भरवणाऱ्या मादीचा. त्याला व्हॉट्सॲप आणि फेसबुक मिळून सगळ्यात जास्त वाहवा मिळाली. ग्रुपमधले अनुभवी सर म्हणतात, पहिलाच द्या, दुसरा काडीमुळे बाद. त्यांचं स्वतःचं मन दुसऱ्यात अडकलंय. यजमान म्हणतात, सगळे सारखेच तर दिसतात! डिलीट करायला हात धजत नाही, हार्ड डिस्क भरली. "मादीचे चाळीसेक फोटो तेवढे उडवले, कारण त्यात रंगच नव्हता," असं त्या लिहितात. आणि शेवटी विचारतात, "सर्वोत्तम फोटो ओळखायचा कसा? की मला नजरच नाही?"

उत्तर

ताई,

आधी तुमच्या यजमानांची बाजू घेते. ते चिडवायला म्हणाले असतील, पण १,६४० पैकी निदान दीड हजार फोटोंबाबत ते खरं बोलले. कॅमेरा सेकंदाला २० फ्रेमवर लावून बटण दाबून धरलं की सेकंदात २० फोटो पडतात, आणि तेवढ्या वेळात पक्ष्याने फार तर एकदा मान वळवलेली असते. म्हणजे तुमच्याकडे सोळाशे फोटो नाहीतच. ऐंशीएक प्रसंग आहेत, आणि प्रत्येकाच्या वीस-वीस झेरॉक्स. तुम्ही सोळाशेतून एक शोधायला बसलात म्हणून डोकं गरगरलं. ऐंशीतून एक शोधायचा म्हटलं तर काम एका दुपारचं आहे.

आता 'मला नजर नाही' याबद्दल. तुम्ही शिक्षिका होतात. पेपरांचा गठ्ठा पुढ्यात आला की पहिला नंबर कोणाचा हे शोधायला तुम्ही सुरुवात करत होतात का? नाही ना? आधी एकेक पेपर तपासायचा, कोरे आणि नापास बाजूला पडायचे, आणि वरचे पाच-सहा शेवटी पुन्हा एकत्र वाचायचे. फोटोंच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. पहिल्याच फोटोला विचारतो, 'तू सर्वोत्तम आहेस का?' त्याला कसं कळणार बिचाऱ्याला!

निवडीची गोष्ट निघाली म्हणून सुगरण आठवली. १९३० साली पक्षीतज्ज्ञ सलीम अली अलिबागजवळच्या किहीमला राहत होते आणि तिथे त्यांनी सुगरणींच्या वसाहतीचं बारकाईने निरीक्षण केलं. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन पाहून जाते. पसंत पडलं तर पुढचं काम होतं, नाही तर ते घरटं तसंच लोंबकळत राहतं. मादी अर्धवट घरट्यावरच निकाल देते. पूर्ण होईपर्यंत थांबून मग तुलनेचे तक्ते मांडत बसत नाही. आपण तेवढं तरी शिकावं.

तर पहिली फेरी नापासांची. लहान पक्ष्यांच्या बाबतीत नापास करण्याचा निकष जवळजवळ एकच, डोळा. डोळ्यावर फोकस नाही, फोटो बाद. डोळा पूर्ण काळोखात आहे, प्रकाशाचा एक ठिपकासुद्धा नाही, बाद. मान तुमच्यापासून पलीकडे वळलेली आहे, बाद. काही वेळा सगळं बरोबर असून डोळा निळसर, दुधाळ, मेल्यासारखा दिसतो. ती लेन्सची चूक नसते. पक्ष्यांना तिसरी पापणी असते, पारदर्शकशी, आडवी सरकणारी, आणि तुम्ही नेमका ती मिटलेली असतानाचा क्षण पकडलेला असतो. अशा फोटोच्या आगेमागे लगेच दुसरा चांगला असतो, तो घ्या. या फेरीत एका फोटोला दोन सेकंदांहून जास्त देऊ नका, आणि कुठल्याच फोटोला 'छान' म्हणू नका. छान म्हटलं की थांबणं आलं.

दुसऱ्या फेरीत प्रत्येक प्रसंगाचा एक. वीस झेरॉक्सपैकी एक. इथे मात्र घाई नको, कारण शिंजीरसारख्या (हे सूर्यपक्ष्याचंच दुसरं नाव) पक्ष्यात लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. याचं कारण त्याच्या रंगात आहे. त्या गळ्यावरच्या आणि डोक्यावरच्या निळ्या-जांभळ्या झळाळीत तसलं रंगद्रव्य नसतं. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होताना तो रंग उमटतो, म्हणून ऊन, पक्षी आणि तुम्ही यांचा कोन जमला तरच दिसतो. मान पाच अंश फिरली की तोच पक्षी कोळशासारखा काळा. तुमच्या बर्स्टमधल्या, म्हणजे बटण दाबून धरून सलग काढलेल्या, वीसपैकी पंधरा फोटोंत कोळसा असेल, तीन-चारांत किंचित निळी कड, आणि एखाद्यात गळा पेटल्यासारखा दिसेल. तो एक शोधा. तुमचा पहिला फोटो, सरांना आवडलेला, पुन्हा उघडून बघा: त्यातला नर काळा आहे की जांभळा? पत्रात तुम्ही शार्पनेस, बॅकग्राउंड, बसण्याची ढब सगळं लिहिलंत, रंगाबद्दल एक शब्द लिहिला नाहीत. मला जरा शंका आली.

शार्पनेसबद्दलही दोन शब्द लिहिते. आपल्या सगळ्या ग्रुपांत हा शब्द देवासारखा पुजला जातो. फोटो पडला रे पडला की लोक तो झूम करून पिसं मोजतात. पण गणित असं आहे: ६०० एमएमची लेन्स, ६.३ चं ॲपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) आणि पाच मीटरवरचा पक्षी, एवढं धरलं तर फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर जाडीचा असतो. तुमचा कॅमेरा छोट्या सेन्सरचा असेल तर त्याहून कमी. शिंजीर चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत दहा सेंटीमीटर. तो तुम्हाला काटकोनात, पाटीवर काढलेल्या चित्रासारखा बसला तरच सगळा शार्प येणार. जरा तिरपा झाला, तुमच्याकडे वळला, काही करायला लागला की डोळा शार्प आणि शेपटी धूसर हे होणारच. तेव्हा 'सगळा पक्षी शार्प' ही अट घातली की नकळत आपण 'पक्षी काहीही करत नसलेला' फोटो निवडतो. सरांनी पहिला फोटो निवडला तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. त्यांची कसोटी कशाला पास करते आणि कशाला पास होऊच देत नाही, एवढं फक्त लक्षात घ्या.

हे मला शिंपी पक्ष्याने शिकवलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या कुंपणावर एक शिंपी रोज सकाळी टिविट् टिविट् करून डोकं उठवायचा. मी त्याचे शेकडो फोटो काढले आणि एक निवडून, फ्रेम करून, दिवाणखान्यात लावला. तांबूस डोकं, हिरवट पाठ, उभी शेपटी, सगळं पुस्तकातल्यासारखं. एक जुने पक्षीनिरीक्षक घरी आले. कॅमेरा त्यांनी आयुष्यात कधी वापरला नव्हता. फोटो बघून म्हणाले, "छान आहे. पण हा ओरडत असतानाचा नाही का?" मी लॅपटॉप उघडला. ओरडतानाचे पंचवीसेक होते, सगळे मी नाकारलेले, कारण मान ताणल्यावर गळ्याच्या बाजूला एक काळा डाग दिसत होता आणि मला वाटलं, सावली पडून फोटो बिघडला. ते हसले. शिंपी ओरडताना मानेच्या बाजूची पिसं फाकतात आणि आतली गडद कातडी दिसते. गप्प बसलेल्या शिंप्यात ती दिसत नाही. म्हणजे मी जो दोष समजून फेकत होते, ती त्या पक्ष्याची खास खूण होती. दिवाणखान्यातली फ्रेम मी बदलली नाही, आळस दुसरं काय. पण त्यानंतर एखाद्या पक्ष्याचे फोटो निवडण्याआधी मी त्याच्याबद्दल निदान दोन पानं वाचते.

आता तुमच्या दुसऱ्या फोटोतल्या नारिंगी झुपक्याकडे येऊ. तुम्ही त्याचा उल्लेख 'बगलेत काहीतरी नारिंगी' असा ओझरता केलात. ताई, ते 'काहीतरी' नाही! विणीच्या काळात जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर मादीपुढे किंवा दुसऱ्या नरापुढे मिरवतो तेव्हा पंख किंचित उचलतो आणि एरवी पंखाखाली झाकलेले पिवळे-नारिंगी पिसांचे झुपके उघडे पडतात. वर्षानुवर्षं टेकडीवर जाणाऱ्यांनाही ते फोटोत नीट मिळत नाहीत. ते दिसतायत, चोच उघडी आहे, तो गातोय. पहिल्या फोटोत 'जांभळा सूर्यपक्षी असा दिसतो' एवढं कळतं. दुसऱ्यात तो मार्चमध्ये पळसावर काय करत होता ते कळतं.

म्हणून डोळे मिटून दुसरा द्या, असं म्हणू का? थांबा, नाही म्हणणार. दुसऱ्याबाबत दोन शंका आहेत, त्या तुम्हीच तपासायच्या.

पहिली शंका तुमच्या आठवणीची. तुम्ही तिथे होतात. तुम्हाला त्याचं गाणं ऐकू आलं, सकाळचा गारवा होता, कदाचित मादी बाजूच्या फांदीवर होती. फोटो बघताना हे सगळं तुमच्या मनात वाजतं. बघणाऱ्याला फक्त कागद दिसणार. तुमच्या मनातला फोटो आणि कागदावरचा फोटो एकच आहेत का, हे पारखायला एक साधा उपाय आहे. जो माणूस तिथे नव्हता आणि ज्याला पक्ष्यांतलं काही कळत नाही, त्याला प्रत्येक फोटो चार सेकंद दाखवा, लपवा, आणि विचारा, "तो काय करत होता?" 'कुठला आवडला' हे विचारू नका, त्यावर लोक तुम्हाला बरं वाटेल ते बोलतात. पहिल्याबद्दल उत्तर येईल, "बसला होता." दुसऱ्याबद्दल "ओरडत होता", "कुणाला तरी बोलावत होता" असं आलं, तर फोटो बोलतोय. "काडीमागे काहीतरी काळं होतं" असं आलं, तर सर बरोबर आहेत आणि आपण दोघी चूक. या परीक्षेला सगळ्यात योग्य माणूस तुमच्या घरातच आहे. सगळे सारखेच दिसतात म्हणणाऱ्या माणसाला एखादा वेगळा दिसला, तर त्याहून मोठं प्रमाणपत्र नाही.

काडीचं म्हणाल तर, डोळ्यावरून, चोचीवरून किंवा चेहऱ्यावरून गेलेली काडी फोटो मारते. पोटापुढून गेलेली काडी बहुतेक वेळा चालते. पक्षी काड्यांतच राहतो. फक्त सॉफ्टवेअरने ती पुसू नका. प्रदर्शनाचे नियम वाचा, बऱ्याच ठिकाणी असं पुसणं चालत नाही. आणि चाललं तरी खालची पिसं मग सॉफ्टवेअरने कल्पनेने काढलेली असतात. हल्ली एका क्लिकवर नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, घालवणारी साधनं आलीत, त्यांचीही तीच गत. बेताने वापरली तर उपयोगी, जास्त दाबली तर गळ्यावर खवले उगवतात.

दुसरी शंका जरा नाजूक आहे. त्या रविवारी ग्रुपमधल्या कुणी मोबाइलवर शिंजीरचा आवाज वाजवला होता का? विणीच्या दिवसांत तो आवाज ऐकून नर तिथे नसलेल्या प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडतो, ओरडून ओरडून दमतो, आणि फोटो झकास येतो. तसं झालं असेल तर तो मिरवणारा नर तुम्ही पाहिला नाहीत, घडवलात. मी तो फोटो लावणार नाही. तुम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण आठवून बघा.

प्रिंटचं एक कोरडं गणितही करून घ्या, कारण मोबाइलवर सुंदर दिसलेला फोटो १८ इंचांवर तोंडघशी पाडतो. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर मूळ फोटो साधारण ६,००० बाय ४,००० पिक्सेलचा. १८ इंच रुंदीला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ५,४०० पिक्सेल लागतात. २०० वर भागवलं, आणि भिंतीवरच्या फोटोला ते सहसा भागतं, तर ३,६००. म्हणजे मूळ चौकटीचा साठ टक्के रुंदीचा भाग ठेवलात तर ठीक. पक्षी एवढुसा होता म्हणून तुम्ही क्रॉप करून करून, म्हणजे कडा छाटत छाटत, चौथाई रुंदीवर आला असाल, तर १,५०० पिक्सेल उरले, आणि त्या कागदावर ते फुटणार. दोन्ही फोटोंचे आकडे बघा. कदाचित निर्णय आपोआप होईल.

आणि क्रॉपच्या निमित्ताने विचारते, तुमच्या ऐंशी प्रसंगांत असा एखादा आहे का, ज्यात पळसाची अख्खी भगवी फांदी आहे आणि त्यात शिंजीर कोपऱ्यात सुपारीएवढा? असे फोटो आपण 'पक्षी लहान आलाय' म्हणून पहिल्याच फेरीत उडवतो. पक्षी लहानच आहे! दहा ग्रॅमसुद्धा वजन नाही त्याचं. बिनपानांचा पळस, खाली वाळलेलं गवत आणि त्यात हा काळा-जांभळा ठिपका, हे आपल्या टेकड्यांचं मार्च महिन्याचं खरं चित्र आहे. दुर्बिणीतून बघितल्यासारखा, चौकट भरून टाकणारा पक्षी काढायची सवय मोठ्या लेन्सने लावली. ६०० एमएम हातात आहे म्हणून दर वेळी ६०० वर जायलाच हवं असं नाही, १५० लाही तीच लेन्स असते.

या सगळ्यात खरा प्रश्न कधी विचारायचा राहून जातो: चांगला फोटो, पण कशासाठी? प्रदर्शनाच्या भिंतीसाठी वेगळा, नोंदीसाठी वेगळा, स्वतःसाठी वेगळा. विणीचा काळ संपला की जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर आपला झगमगीत पोशाख उतरवतो, मादीसारखा फिका पिवळट होतो आणि छातीवरून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा राहतो. त्या अवस्थेतला धूसर, पाठमोरा, फांदीआडचा फोटोसुद्धा ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या नोंदीला जोडायला मोलाचा, कारण त्यात तारीख आहे, जागा आहे आणि तो पट्टा दिसतोय. हिवाळ्यात येणारे हिरवट पर्णवटवटे हे छोटे पक्षी तर असे की पंखावरची एक फिकट रेघ दिसली की नाही यावर ओळख ठरते. तिथे सौंदर्य शोधत बसलात तर नेमका कामाचा फोटो कचऱ्यात जाईल. मी तीन फोल्डर ठेवते: 'भिंत', 'नोंद', 'माझे'. एकच फोटो तिन्हींत क्वचित बसतो. 'माझे'मध्ये एक पूर्ण हललेला नाचण पक्षी आहे, पंख्यासारखी शेपटी आणि बाकी सगळा धुरळा. कुणाला दाखवत नाही. मला आवडतो.

आता तिसरा फोटो, घरट्याचा. याबाबत मी तुम्हाला पर्याय देत नाही, सरळ सांगते: प्रदर्शनात देऊ नका, आणि जमलं तर फेसबुकवरूनही काढा. तुमच्या हातून काही वाईट झालं असं मी म्हणत नाही. शेजारच्या पोर्चमध्ये तारेला लोंबकळणारं घरटं, माणसांच्या वर्दळीला सरावलेली मादी, तुम्ही लांबून दोन फोटो काढलेत. पण तुमचा फोटो बघून ज्याला 'आपल्यालाही असा हवा' वाटेल, तो लांबून काढेलच असं नाही. जांभळ्या सूर्यपक्ष्यात अंडी एकटी मादीच उबवते, पंधरा ते सतरा दिवस. माणूस फार जवळ गेला की ती उडून जाते, अंडी गार पडतात, आणि आपण फांदी बाजूला सारली तर कावळ्याला वाट दिसते. कोकणात पहिल्या पावसाबरोबर तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ करून विणीला येतो, तिथे बिळापुढे फोटोग्राफरांची गर्दी होते आणि चोचीत पाल धरलेला पक्षी गर्दी हटायची वाट बघत बसतो. त्या गर्दीतल्या प्रत्येकाने आधी कुठे तरी एक सुंदर फोटो पाहिलेला असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कळीत करणं धरलं आहे. अनेक स्पर्धा घरट्यांचे फोटो आता घेतच नाहीत. आणि लाइक्सचं काय हो, आई पिल्लाला भरवतेय म्हटलं की माणसं विरघळतात. ती दाद आईला आहे, फोटोला नाही.

पुढच्या रविवारसाठी थोडं. फोटोची निवड घरी लॅपटॉपवर होते असं आपल्याला वाटतं. माझ्या मते निम्मी झाडाखालीच होते. ३६ च्या रोलवर आम्ही शिकलो तेव्हा दर क्लिकला खिसा दुखायचा, म्हणून बोट आपोआप थांबायचं. ते दिवस फार चांगले होते असं नाही, निम्मे रोल वाया जायचे. पण तेव्हा आधी जागा ठरायची. तुम्हीही आधी बॅकग्राउंड ठरवा आणि पक्ष्याला त्यात येऊ द्या. सूर्य पाठीशी घ्या, म्हणजे ती झळाळी मिळेल. शिंजीर त्याच त्याच फुलांकडे पुन्हा पुन्हा येतो, नर गायला साधारण त्याच शेंड्यांवर बसतो. अर्धा तास नुसतं बघितलंत की त्याच्या फेऱ्या कळतात. वेडा राघू तर यात गुरू आहे: त्याच तारेवरून उडतो, माशी पकडतो, परत तिथेच येऊन ती आपटतो. त्याच्या मागे लेन्स फिरवत बसण्यात अर्थ नाही, तारेवर फोकस लावून थांबायचं. आणि बर्स्ट सोडायचा तो अर्ध्या सेकंदाचा. दहा फोटो पुरे. शटर सेकंदाच्या १/१६०० च्या आसपास ठेवा, काळ्या पक्ष्यामुळे कॅमेरा फसून पळसाची फुलं जाळतो म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजेड) थोडं खाली ओढा, आणि सकाळी नऊनंतर ऊन टणक झालं की कॅमेरा पिशवीत टाकून दुर्बीण काढा.

डिलीट करताना हात अडखळतो, असं लिहिलंत. वाचून मला बरं वाटलं, खरं सांगते. पण फोटो पुसला म्हणून पक्ष्याला काही होत नाही, आणि ठेवला म्हणून तो तुमच्याकडे राहत नाही. माझ्याकडे 'नंतर बघू' या नावाचे अकरा फोल्डर आहेत, सगळ्यात जुना नऊ वर्षांचा. बघितला नाहीये. म्हणून आता नियम केलाय: ज्या दिवशी काढले त्या दिवशी काहीही पुसायचं नाही, कारण त्या दिवशी सगळेच लाडके असतात किंवा सगळेच बकवास. आठवड्याने बसायचं, नापास फेरी, झेरॉक्स फेरी, आणि मग राहिलेले सोडून बाकी सगळे पुसायचे. तुमच्या सोळाशेतून शंभरच्या आत उरायला हवेत. एका रॉ फाइलला (कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलला) पंचवीस-तीस एमबी धरले तरी चाळीस जीबीच्या आसपास जागा मोकळी झाली. मुलीला नवी डिस्क मागावी लागणार नाही.

तर या आठवड्यात पहिला आणि दुसरा, दोन्हींचे ४ बाय ६ चे साधे प्रिंट काढून आणा, तीस-चाळीस रुपयांत काम होतं. फ्रिजवर लावा. यजमानांची चार सेकंदांची परीक्षा घ्या. सहा दिवसांनी ज्याच्याकडे बघायचं तुम्ही विसरलेल्या असाल, तो प्रदर्शनात द्यायचा नाही. माझा कौल दुसऱ्याला आहे, पण मी तो फोटो पाहिलेला नाही आणि सरांनी पाहिलाय. त्यांचंच म्हणणं शेवटी पटलं तर त्यात कमीपणा वाटू देऊ नका.

आणि एक राहिलं. मादीचे चाळीस फोटो रंग नाही म्हणून उडवलेत. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा जमवून घरट्याची ती पिशवी विणणारी तीच, आणि पंधरा दिवस आत बसणारीही तीच. पाठ ऑलिव्ह, पोट पिवळसर, आणि नराला असते तशीच बाकदार चोच. तुमच्या दुसऱ्या फोटोतला नर ज्या दिशेला तोंड करून गातोय, त्या फांदीवर ती असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्या चाळीसपैकी एखादा त्याच मिनिटाचा असू शकतो. वेळ फोटोवर नोंदलेली असते. रिसायकल बिन अजून रिकामी केली नसेल तर आज रात्री उघडून बघा.